वस्ती शून्य

जमालभाई कुठल्याही इमारतीत किती माणसं राहतात हे कधी विचारत नसत. विचारलं की लोक खोटं सांगतात, असं त्यांचं ठाम मत होतं. ते जिना चढायचे, दारांसमोरच्या चपला मोजायचे, गच्चीत वाळत घातलेल्या लुंग्या मोजायचे, बाहेर ठेवलेल्या पाण्याच्या रिकाम्या बाटल्या मोजायचे आणि खाली येऊन टॅबवर आकडा टाकायचे. माझा त्यांच्यावर विश्वास नव्हता अशातला भाग नाही, पण मी कराडची. दुसऱ्याचं गणित तपासल्याशिवाय मला चैन पडत नाही. एकदा मी एका इमारतीच्या वॉचमनकडून भाडेकरूंची यादी मागवली. यादीत एकोणसाठ नावं होती, जमालभाईंचा आकडा बासष्ट. "तिघं रात्रपाळीचे आहेत, मॅडम," ते म्हणाले. "दुसऱ्याच्या बिस्तरात दिवसा झोपतात. त्यांचं नाव कोण लिहील?" मी वॉचमनला पुन्हा फोन लावला. आढेवेढे घेत तो हो म्हणाला.

आमची कंपनी दुबई सिलिकॉन ओएसिसमध्ये आहे आणि काम नकाशांचं. आमच्या नकाशात प्रत्येक प्लॉटचा एक फॉर्म असतो: मजले किती, दारं किती, वापर कशासाठी, वस्ती किती. एरवी त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. पण कुठे गॅस गळला, एखादा केमिकलचा ड्रम गाडीतून पडून हरवला, की आपत्कालीन पथकाचे लोक आमच्या मॅप रूममध्ये येऊन बसतात आणि एकच प्रश्न विचारतात: आधी कुठे जायचं? आमचं सॉफ्टवेअर धोका किती आणि माणसं किती ते बघून ठिकाणांचा क्रम लावून देतं. जिथे माणसं जास्त तिथे आधी. त्याला स्वतःची अक्कल नसते, फॉर्ममध्ये जे लिहिलंय त्यावर त्याचा आंधळा विश्वास. फॉर्म भरायचे जमालभाई, आणि तपासून मंजूर करायचे मी, रंजिता.

जमालभाई म्हणजे दाभोळ खाडीच्या काठचा माणूस. उंच, काटकुळा, दाढीला मेंदी. उन्हाळ्यात सर्व्हेला निघाले की हातात काळी छत्री असायची आणि ऑफिसातली पोरं मागे खिदळायची. ते ढिम्म. सत्तावीस वर्षांपूर्वी ऑफिसबॉय म्हणून आले होते. चहा देता देता दुसऱ्यांच्या खांद्यावरून बघून नकाशे शिकले, आणि मग त्यांना शिकवणारेच त्यांना विचारायला लागले. सॅटेलाइटच्या फोटोंचा त्यांना मनापासून राग होता. फोटोत एखादी शेड रिकामी दिसली की म्हणायचे, वरून बघणाऱ्याला छप्परच दिसणार. बायको, झुबेदा, गावी. ते स्वतः दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहायचे, आणि आठवड्यातून एकदा माझ्या टेबलावर न बोलता एक डबा ठेवायचे. डब्यात खापरोळ्या आणि नारळाचा रस. "रूमवरून आलंय," एवढंच सांगायचे.

ही रूम म्हणजे काय ते सांगायला हवं. कोकणातल्या बऱ्याच गावांची आखातात अशी एक खोली असते. गावची जमात, म्हणजे मुसलमान मोहल्ल्याची पंचायत, ती चालवते. गावचा माणूस विमानातून उतरला की थेट तिथे येतो, आणि त्याला नोकरी लागेपर्यंत कुणी त्याच्याकडे काही मागत नाही. जमालभाई स्वतः असेच उतरले होते. त्यांच्या गावची रूम पूर्वी एका जुन्या व्हिलात होती. तो व्हिला पाडला, तेव्हा गावच्याच एकाच्या सुतारकामाच्या गोदामात, वरच्या माळ्यावर, प्लायवूडच्या भिंती घालून चौदा माणसांची सोय झाली. गोदामात राहणं बेकायदा. सापडलं तर रूमला सील, आणि ज्यांचे कागद कच्चे ते सरळ विमानात. रूमचा कारभार जमालभाईंचे मेहुणे उमर बघायचे आणि स्वयंपाक भिवा करायचा. भिवा त्याच गावच्या कुणबीवाडीतला. रूम जमातीची असली तरी गावचा तो गावचा, असा तिथला कायदा होता. भिवाची बायको प्रभावती आणि झुबेदा एकाच विहिरीवर पाण्याला जातात, इतकी घरं जवळ.

एका ईदला जमालभाईंनी आम्हाला तिथे जेवायला नेलं. मी, माझा नवरा आणि नऊ वर्षांचा विहान. खाली लाकडाचा भुसा, वर जायला लोखंडी जिना, आणि वर पाहावं तर चकचकीत सारवल्यासारखी स्वच्छता. भिवानं तळलेली सुरमई वाढली आणि आम्हाला पाण्याचा ग्लाससुद्धा हातानं घेऊ दिला नाही. मी नको म्हटलं की तो आणखी वाढायचा. विहान सगळीकडे फिरून आला आणि मोठ्यानं म्हणाला, "ममा, देअर आर फोर्टीन बेड्स. आय काउंटेड." मी त्याला म्हटलं, गप खा.

पुढे दोन महिन्यांनी त्या भागाचा सर्व्हे झाला आणि त्या प्लॉटचा फॉर्म माझ्यापुढे आला. वापर: गोदाम. वस्ती: शून्य. जमालभाई माझ्या टेबलासमोर उभे होते, हातात ती छत्री. एरवी बडबड करणारा माणूस जमिनीकडे बघत होता. मी फॉर्म पाहिला, त्यांच्याकडे पाहिलं, आणि मंजूर केला. झाकली मूठ सव्वा लाखाची. खोटं कशाला बोलू, मला त्या दिवशी पुण्य केल्यासारखं वाटलं होतं. चौदा माणसांचं छप्पर माझ्या एका क्लिकनं वाचलं, असं मी रात्री नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, तुझं नाव कुठे येत नाही ना? मी म्हटलं, कोण बघतंय.

ऑगस्टमधल्या एका शुक्रवारी सकाळी पावणेआठला आपत्कालीन पथकाचा फोन आला. त्या दिवशी हवा इतकी दमट होती की ऑफिसच्या काचांना बाहेरून पाणी सुटून त्याचे ओघळ लागले होते. अर्ध्या तासात कॅप्टन हजर झाला. तिशीतला, इथलाच अरब, आमच्याशी हिंदीत बोलणारा. बसला नाही, उभ्यानंच सांगायला लागला.

धान्याच्या एका गोदामातून कीड मारायच्या गोळ्यांचे डबे चोरीला गेले होते. आपल्याकडे तांदळाच्या कोठीत ठेवतात त्यातलीच जात, पण ही बोटीतल्या धान्यासाठीची, कितीतरी जहाल. दमट हवा लागली की हिचा गॅस होतो, आणि बंद जागेत तो गॅस माणसाला किड्यासारखाच मारतो. चोरणारा माणूस व्हॅन घेऊन बॅचलर लोकांच्या खोल्या खोल्या फिरला होता. ढेकणांचं औषध म्हणून तीस दिरहमला एक डबा, म्हणजे आपले सातशे रुपये. परवानगीवाल्या कंपनीला बोलवायचं तर पाचशे दिरहम, बारा हजार. कोण बोलावतो? आदल्या दिवशी एका इमारतीत शेजारच्या खोलीतला गॅस भिंतीतून आला आणि एक लहान मुलगी गेली. विकणारा पकडला गेला होता, पण कुणाला विकलं ते त्याला सांगता येईना. पत्ते त्याला माहीतच नव्हते. लोक फोनवर सांगतील तसा तो वळत गेला होता. हातात होता तो फक्त व्हॅनचा ट्रॅकर. दोन दिवसांत व्हॅन सेहेचाळीस ठिकाणी थांबली होती. त्यातली काही ठिकाणं चहाची, काही नमाजाची, काही विक्रीची. कुठली कशाची, देव जाणे.

"पाँच टीम हैं, सिस्टर," कॅप्टन म्हणाला. "छियालीस जगह. यल्ला, चलो, पहले कहाँ?"

मी सेहेचाळीस थांबे नकाशावर टाकले. प्रत्येक थांब्याभोवतीच्या इमारती, त्यांची वस्ती, व्हॅन किती मिनिटं थांबली, त्या भागातला हवेतला ओलावा, सगळं एकत्र करून अकरा मिनिटांत क्रम लावून दिला. मला त्या अकरा मिनिटांचा अभिमान वाटला, तोही लपवत नाही. पहिल्या तीन ठिकाणांत दोन डबे सापडले. एका खोलीत तर गोळ्या ठेवून झाल्या होत्या आणि शेजारच्या खोलीत नऊ जण नाश्ता करत होते. सगळे वेळेवर बाहेर निघाले.

जमालभाई कानाला हेडफोन लावून माझ्या शेजारी बसले होते. टीम रस्त्यात अडकली की ते सांगायचे. "पुढचं दार बंद दिसेल, त्याच्यामागे कपाट आहे. बाजूच्या लाँड्रीतून जिना आहे." "तिसऱ्या मजल्यावर गेट आहे, त्याला कुलूप नाही, नुसती साखळी आहे." असं अख्खं शहर त्या माणसाच्या डोक्यात होतं. कॅप्टन दोन वेळा त्यांच्या पाठीवर थाप मारून गेला. इतक्या वर्षांत मी त्यांना इतकं खुशीत कधी पाहिलं नव्हतं.

मग मी यादीच्या तळाकडे गेले. ठिपका एकतीस. गोदाम. वस्ती शून्य. क्रम चव्वेचाळीस. व्हॅन तिथे आदल्या संध्याकाळी नऊ मिनिटं थांबली होती.

मी हळूच शेजारी पाहिलं. जमालभाईंची नजर त्याच ओळीवर होती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, इथे तर चोर दोघं होतो.

"मॅडम," थोड्या वेळानं ते म्हणाले, "एकतीसला टीम कधी जाईल?"

"सॉफ्टवेअर म्हणतंय संध्याकाळी."

"सॉफ्टवेअर म्हणतंय," ते म्हणाले, आणि फोन घेऊन बाहेर पॅसेजमध्ये गेले.

नऊ वाजून वीस मिनिटांनी तिसरी टीम तिथून दोन गल्ल्यांवर होती. त्यांचं त्या भागातलं काम संपलं होतं. पडद्यावर त्यांच्या गाडीची लाल खूण आणि एकतीस नंबरचा ठिपका यात बोटाचं अंतर नव्हतं. सॉफ्टवेअरनं त्यांना बारा किलोमीटरवरच्या दोनशे दहा माणसांच्या इमारतीकडे पाठवलं. मला ती गाडी थांबवता आली असती. "जाता जाता हे एक बघून घ्या" एवढंच म्हणायचं होतं, कुणी कारणही विचारलं नसतं. पण मी विचार करत बसले. तिथे माणसं सापडली तर शून्य कुणी लिहिलं ते निघेल, कुणी मंजूर केलं तेही निघेल. माझा व्हिसा, विहानची शाळा, जुमेरा लेक टॉवर्समधला फ्लॅट. शिवाय व्हॅन तिथे चहाला थांबली असेल. नऊ मिनिटं म्हणजे चहाच. मी स्वतःला असं समजावत असताना लाल खूण हायवेला लागली.

जमालभाई परत आले. "भिवा फोन उचलत नाही, रात्रपाळीवाल्यांचे फोन बंद," ते पुटपुटले. मग त्यांनी कॅप्टनकडे जाऊन अर्धा तास सुटी मागितली. घरचं काम आहे म्हणाले.

"नो हबीबी," कॅप्टन म्हणाला. "आज तुम मेरी आँख हो. खलास होगा तब जाना."

त्यानंतर ते दर पंधरा-वीस मिनिटांनी पॅसेजमध्ये जायचे. अकरा वेळा गेले, मी मोजलं. मधल्या वेळात हेडफोनवर टीमला दारं-जिने सांगतच होते, पण आवाजातली खुशी गेली होती आणि एकदा त्यांनी चुकीचा मजला सांगितला. मला माहीत होतं ते काय करताहेत. रूमवर कुणीतरी फोन उचलावा, सगळ्यांना उठवून खाली उतरवावं, आणि कुणालाही काही न कळता शून्य शून्यच राहावं. मीही मनातल्या मनात तेच मागत होते. उमर अबू धाबीच्या साइटवर फोरमन. तिथे फोन लॉकरमध्ये ठेवावे लागतात आणि उन्हाळ्यातली दुपारची सक्तीची सुटी साडेबाराला सुरू होते. तोपर्यंत त्यांना गाठायचा मार्ग नव्हता.

साडेबाराला पॅन्ट्रीमध्ये उमरचा फोन लागला. मी पाणी प्यायच्या निमित्तानं मागे गेले होते. जमालभाईंनी मला पाहिलं आणि फोन स्पीकरवर टाकला.

"उमरभाई, रूमवर औषधवाला आला होता काय?"

"आला होता ना. भिवानं डबा घेतला. आतल्या पार्टिशनला ढेकणांनी नुसता उच्छाद मांडला होता. सकाळी आम्ही निघालो की ठेवतो, म्हणाला."

"रात्रपाळीवाले कुठे आहेत?"

"बाहेरच्या बाजूला झोपलेत. मध्ये प्लायवूड आहे, फटींना भिवानं टेप पण मारलाय. तू घाबरलास कशाला? माझी आई भाताच्या कणगीत ठेवायची तीच गोळी. आपल्या ओळखीची आहे."

जमालभाईंनी त्यांना गोळी कसली आहे ते सांगितलं. त्या मुलीचंही सांगितलं.

"किती जण आहेत आत?" जमालभाईंनी विचारलं.

"सहा. आणि भिवा." मग उमरचा आवाज खाली आला. "जमाल, पोलीस नको. दोघांचा व्हिसा संपलाय. बाकीचेही रस्त्यावर येतील. तू स्वतः जा."

"मला सोडत नाहीत."

"मग भिवाला फोन कर."

"सकाळपासून करतोय," जमालभाई म्हणाले.

फोन बंद झाला. ते माझ्याकडे बघत नव्हते. सिंकमध्ये कुणीतरी ठेवलेला कप त्यांनी धुतला, उपडा घातला, हात पुसले. त्यांनी मला काही विचारलं असतं तर मी काय म्हटलं असतं मला माहीत नाही. त्यांनी विचारलं नाही. ते सरळ मॅप रूममध्ये गेले आणि उभ्यानंच बोलले, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"मॅडम, एकतीसमध्ये चौदा लिहा. आत्ता आत सात आहेत."

मी शून्य खोडून चौदा लिहिलं. यादी एकदा हलली आणि एकतीस नंबर चव्वेचाळीसवरून सगळ्यात वर गेला. बंद माळा, खिडक्या नाहीत, दमट हवा, झोपलेली माणसं. सकाळी साडेआठला खरा आकडा असता तर तेव्हाही तो सगळ्यात वरच असता. कॅप्टननं हे पाहिलं. तो काही मूर्ख नव्हता.

"ये जीरो कैसे हुआ?"

"चूक नाही, साहेब," जमालभाई म्हणाले. "मी मुद्दाम लिहिलं. माझ्या गावची माणसं आहेत."

कॅप्टननं त्यांच्याकडे एकदाच पाहिलं आणि टीमला फोन लावला. सगळ्यात जवळची टीम चाळीस मिनिटांवर होती. त्या चाळीस मिनिटांत जमालभाई हेडफोन लावून बसले आणि ड्रायव्हरला रस्ता सांगत राहिले. "शटर अर्धं उघडं असेल. आत डावीकडे करवतीचं मशीन आहे, त्याच्यामागे लोखंडी जिना. जिन्याची तिसरी पायरी सुटलेली आहे, सांभाळून." बाहेर जुम्म्याची अजान झाली. शुक्रवारी ते कधी नमाज चुकवत नसत. त्या दिवशी जागेवरून हलले नाहीत.

टीमचं बोलणं आमच्याकडे वेळेसकट नोंदलं जातं. तेरा वाजून चौदा मिनिटं: आत प्रवेश. तेरा बावीस: सहा जण बाहेर काढले, दोघं बेशुद्ध. जिन्याच्या वरच्या टोकाला आणखी एक पुरुष, वय अंदाजे पंचेचाळीस, श्वास चालू. तेरा पन्नास: तो पुरुष वाटेत मरण पावला.

तो भिवा होता. त्याचा ओटा त्या बंद पार्टिशनला लागून होता. चुलीवर चौदा जणांचा भात शिजून तयार होता आणि त्याचा फोन खाली चार्जिंगला लावलेला सापडला. त्याला मळमळल्यासारखं झालं असणार आणि तो खाली उतरायला निघाला असणार, एवढंच टीमला सांगता आलं. रात्रपाळीवाले एक्झॉस्ट फॅनच्या बाजूला झोपले होते, म्हणून वाचले.

ऐकून जमालभाईंनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. "अजून पंधरा ठिकाणं राहिलीत ना?" त्यांनी कॅप्टनला विचारलं, आणि हेडफोन पुन्हा लावला. संध्याकाळी साडेसहाला शेवटचा डबा सापडेपर्यंत ते दारं-जिने सांगत होते.

मग कॅप्टननं एकतीस नंबरच्या फॉर्मचा इतिहास उघडला. त्यात दोन ओळी होत्या. भरणारा: जमाल. मंजूर करणारी: रंजिता.

"सिस्टर, आपने चेक किया था?"

मी तोंड उघडलं. मला आठवतंय, मी खरंच तोंड उघडलं होतं. पण जमालभाई आधी बोलले. "मॅडम ऑफिसात बसतात, साहेब. मी जे भरून आणतो तेच त्यांना दिसतं. त्यांना काय माहीत?" कॅप्टननं माझ्याकडे पाहिलं. मी होकारार्थी मान हलवली. मूग गिळून बसणं हे मी आजवर दुसऱ्यांबद्दल म्हणत आले होते.

जमालभाईंना पोलिसांनी त्याच संध्याकाळी नेलं. जाताना त्यांनी हातातला टॅब माझ्या टेबलावर ठेवला आणि चार्जर कुठे आहे ते सांगितलं. रूमला सील लागलं. वाचलेल्यांवर उपचार झाले आणि मग ज्यांचे कागद कच्चे होते ते परत गेले, बाकीचे जिथे जागा मिळाली तिथे पांगले. जमालभाईंना काही महिने आत ठेवून गावी पाठवलं, पुन्हा इथे न येण्याच्या अटीवर. सत्तावीस वर्षांचं सामान एका बॅगेत मावलं, ती मीच क्वार्टरमधून आणून दिली. आणि मला, अकरा मिनिटांत क्रम लावून दिल्याबद्दल, कौतुकाचं पत्र मिळालं. ते माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. फेकायचं धैर्यही मला होत नाही.

नंतर मी सगळ्या गोदामांच्या भागाचा सर्व्हे पुन्हा करायचा हुकूम काढला. खरा आकडा लिहा, कुणावर कारवाई होणार नाही, असं मी सर्व्हेवाल्यांना सांगितलं. कारवाई होणार नाही असं म्हणायचा मला काय अधिकार होता, ते त्यांनी विचारलं नाही. नवा सर्व्हेवाला, नागेश, बीडकडचा आहे. चुणचुणीत आहे. त्यानं भरून आणलेले फॉर्म मी उघडले. पूर्वी त्या भागात एकशे बारा प्लॉटवर वस्ती शून्य होती. आता दोनशे चाळीसवर आहे.

"नागेश, या शेडच्या मागे वाळत घातलेले कपडे फोटोत दिसतायत," मी म्हटलं.

"वॉचमनचे असतील, मॅडम."

"आठ लुंग्या?"

तो हसला नाही. "मॅडम, ते जमालभाई होते ना, त्यांनी खरं सांगितलं, अन् मग काय झालं ते सगळ्यांना माहितीये. लोक आता दारच उघडत नाहीत. कपडे पण आतच वाळवतात." मग जरा थांबून म्हणाला, "इन्शाल्ला, काय होत नाही."

मी ते फॉर्म मंजूर केले नाहीत, आणि नामंजूरही केले नाहीत. ते तसेच पडून आहेत, आणि फॉर्म पडून असला की सॉफ्टवेअर तो शून्यच धरतं. तीस दिरहमच्या डब्याचा कुणी नवा विक्रेता फिरत असेल का, मला माहीत नाही. दमट सकाळी ऑफिसच्या काचांवर ओघळ दिसले की मी कॉम्प्युटर लावायच्या आधी फोनकडे बघते.

मागच्या आठवड्यात भारतातल्या एका नंबरवरून फोन आला. "मॅडम बोलता काय? मी प्रभावती. भिवाची."

मी खुर्चीत सरळ बसले. तिला माझा नंबर झुबेदानं दिला होता. ती सावकाश, नीट जुळवून बोलत होती, मनात बऱ्याच वेळा म्हणून पाहिल्यासारखं.

"जमालभाई रोज आमच्याकडे येतात. लाकडं फोडून देतात, कौलं फिरवून दिली, मुलीच्या कॉलेजचा फॉर्म भरून आणला. पण पडवीच्या आत पाऊल टाकत नाहीत. पाणी दिलं तर घेत नाहीत. झुबेदाभाभी म्हणते घरीपण बोलत नाहीत. गावात लोक म्हणतात, जमालनं सकाळीच सांगितलं असतं तर भिवा वाचला असता. मी त्यांना सरळ विचारलं, तर मान खाली घालून उठून गेले. तुमच्याकडे टायमाचं सगळं लिहिलेलं असतं असं कळलं. म्हणून फोन केला. खरं असेल ते सांगा, मी रडणार नाही."

ती नोंद माझ्या कॉम्प्युटरमध्ये आहे. मला ती उघडायची गरज नव्हती. नऊ वीस, टीम दोन गल्ल्यांवर. तेरा बावीस, श्वास चालू.

"नाही," मी म्हटलं. "भिवा सकाळीच गेले होते. जमालभाईंनी केव्हाही सांगितलं असतं तरी उपयोग नव्हता."

हे मी जमालभाईंसाठी केलं, असं मला स्वतःला सांगता येईल, आणि अर्धं ते खरंही आहे. पण त्या एका वाक्यानं नऊ वीसची ती गाडीही पुसली गेली, आणि ती पुसताना मला किती सुटल्यासारखं वाटलं, ते मला अजून टोचतं.

"बरं झालं सांगितलंत," प्रभावती म्हणाली. "आज त्यांना आत बोलावते. जेवल्याशिवाय सोडायची नाही."

फोन ठेवायच्या आधी तिनं दोनदा माझे आभार मानले.